बंद घरांची सात युनिटं

धरण भरलं की माझा हात अजून शर्टाच्या खिशाकडे जातो. खिशात आता चष्म्याशिवाय काही नसतं. पूर्वी बॅटरी असायची, पेन असायचं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक लहान वही असायची. परवा बायकोबरोबर भोरहून भाटघरच्या बाजूला सहज फिरायला गेलो होतो. आश्विन लागलेला, पाणी काठोकाठ, भात निसवायला आलेलं आणि उन्हाचा चटका असा की रुमाल डोक्यावर घ्यावा लागला. पाणी दिसलं आणि हात खिशाकडे गेला. बायको म्हणाली, "काय शोधताय? रिटायर झालात तुम्ही." म्हटलं, माहीत आहे.

मी वीज कंपनीत मीटर रीडिंग घ्यायचो. तीसेक वर्षं हेच केलं. पोस्टमन जसा दारोदार जातो तसाच मीटरवालाही जातो, पण पोस्टमनची लोक वाट बघतात आणि मीटरवाला दिसला की कुत्रं सोडतात. तक्रार म्हणून सांगत नाही. कुत्र्यांशी माझं बरं जमायचं. बरोबरीचे काहीजण पारावर बसून अंदाजे आकडे टाकायचे, मागच्या महिन्यात दहा मिळवले की झालं काम. मी तसलं कधी केलं नाही. मूळचा किकवीचा मी, वडील म्हणायचे, आपल्याला वाचायला मिळालंय तर नीट वाचायचं. त्यांना पुस्तकं म्हणायची होती. माझ्या वाट्याला मीटर आले, तेव्हा मी मीटर नीट वाचले.

माझ्या भागात एक बेट होतं. शाळेतल्या नकाशातलं बेट बाराही महिने समुद्रात असतं. आमच्या तालुक्यातलं बेट श्रावणात तयार होतं आणि शिमग्यापर्यंत मोडतं. उंबरटेक त्याचं नाव. धरणाचं पाणी चढलं की टेकाच्या चहूबाजूंनी फिरायचं आणि वर सतरा घरं, एक मारुती, एक पिठाची गिरणी एवढंच कोरडं राहायचं. पाणी उतरलं की त्याच जागी भेगाळलेल्या गाळातून पायवाट निघायची. सहा-सात महिने होडी, उरलेले महिने चप्पल हातात. पाण्यातल्या खांबांवरून एक वायर तिकडे जायची. वायरवर खंड्या बसलेला असायचा. त्या वायरीतून काय जातं याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

बबन होडी चालवायचा. इंजिनाची होडी, डिझेलचा वास आणि बबनची बडबड, तिन्ही एकदम सुरू व्हायचं. "साहेब, बसा मधी. कडंला बसलासा तर मीटर ऱ्हाईल आन् रीडिंगवाला जाईल," हे तो प्रत्येक महिन्याला म्हणायचा. मीही प्रत्येक महिन्याला हसायचो. मला साहेब म्हणणारा जगात तो एकटाच होता, त्यामुळे हसणं भागच होतं.

मीटर माणसापेक्षा जास्त खरं बोलतो, असं माझं तेव्हा मत होतं. जुना मीटर म्हणजे काळी पेटी, काच आणि आत फिरणारी चकती. चकतीवर लाल खूण असायची. ती खूण किती वेळात फिरून येते ते बघितलं की घरात काय चाललंय ते न विचारता कळायचं. बाळंतीण आली की एका खोलीतला दिवा दिवसाही जळायचा. कोणी गेलं की तेरा दिवस टीव्ही बंद, चकती सुतकात. पोरीचं लग्न ठरलं की मिक्सर आला. पाणी चढलं की गिरणीची युनिटं वाढायची, कारण दळण घेऊन होडीत कोण बसणार? पाणी उतरलं की बाया गप्पा मारत पलीकडच्या गावच्या गिरणीत जायच्या आणि उंबरटेकची गिरणी उन्हाळाभर पेंगायची. हे सगळं मी वहीत लिहून ठेवायचो. ऑफिसला त्याचं काही काम नव्हतं. मलाच हौस होती.

वही उघडली की वाडीचं सगळं वय दिसायचं. आधी एकेक बल्ब. मग टीव्ही आणि पंखा, मग मोटार, मग मोबाईल, मग एखाद-दुसरा फ्रिज. आकडे चढत गेले, चढत गेले, आणि एका वर्षी थांबले. मग गणपतीत वर, गणपती गेले की खाली. जत्रेला वर, जत्रा उठली की आणखी खाली. पोरं पुण्याला गेली. कात्रज, धनकवडी, नऱ्हे. काही शिवऱ्याला हायवेवर ढाब्यांत, गॅरेजांत लागली. आधी पोरं गेली, मग सुना गेल्या, मग नातवंडांच्या शाळेसाठी आज्या गेल्या. सतराची चौदा झाली, अकरा झाली. शेवटी तीन घरांत चूल पेटायची. बाकीच्या चौदा घरांना कुलूप. मीटर मात्र पडवीत, बाहेरच्या भिंतीवर. कुलूप असलं तरी रीडिंग घेता यायचं.

त्या तिन्हींतलं एक घर चांगुणामावशींचं.

मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा "बसा" म्हटलं. आडनाव विचारलं, मी सांगितलं. ते ऐकून लोकांच्या तोंडावर जे होतं ते होण्याची मी वाट बघत होतो. त्यांनी घरातल्याच पितळी पेल्यात पाणी आणलं आणि म्हणाल्या, "पोटात काय पडलंय का सकाळधरनं?" त्या दिवसापासून उंबरटेकचं रीडिंग मी त्यांच्या घरापासून सुरू करायचो आणि त्यांच्याच घरी संपवायचो. मध्ये चहा, शेवटी भात. त्यांच्या हातच्या आंबेमोहोराच्या भाताचा वास होडीपर्यंत यायचा. माझ्यापेक्षा त्या वीसेक वर्षांनी मोठ्या, तरी मला भाऊ म्हणायच्या. मी मावशी म्हणायचो. नात्याचा मेळ बसत नव्हता, पण आमचं दोघांचं चाललं होतं.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो. वाडीतलं पहिलं घर बंद झालं त्या महिन्यात त्याचं रीडिंग शून्य आलं. मावशी ओटीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. मी चहा पीत होतो. पोट भरलेलं, वारा छान, अशा वेळी माणसाला विनोद सुचतात. मी म्हणालो, "मावशी, मीटर असा शून्यावर आला ना, की साहेब म्हणतात, काढून आणा. एकेक करत सगळ्या वाडीची वायर गुंडाळून नेतात. मीटर उपाशी ठेवायचा नसतो."

सूप थांबलं. "खरं म्हनता?"

"मग! सरकारी काम आहे."

चहा संपवून मी उठलो, होडीत बसलो आणि अलीकडच्या काठाला यायच्या आत ते विसरूनही गेलो. बोलणारा विसरतो. मी तर तोंड पुसायच्या आत विसरलो.

पुढच्या महिन्यात त्या घरात सात युनिटं पडली.

मग जे जे घर बंद होई, तिथे सात. कुलूप आहे, अंगणात गवत गुडघ्याएवढं, आणि युनिटं सात. कुठे सहा, कुठे आठ. मी चक्रावलो. वहीत वेगळं पान केलं. वर्षभराचे आकडे मांडले तेव्हा त्यातही एक चाल दिसली. वैशाखात सहा, एरवी सात, आश्विन लागला की थंडी सरेपर्यंत आठ. चौदाच्या चौदा घरांत तीच चाल. माझा आनंद गगनात मावेना. मी साहेबांना समजावून सांगितलं की ही माणसं वाडी सोडून गेलेली नाहीत, शनिवार-रविवार येतात, थंडीत जरा जास्त येतात. साहेब म्हणाले, "काका, तुम्ही पीएचडी करा." मी ते मनावर घेतलं. बबनला नुसतं विचारलं असतं की बाबा, शनिवारी होडीत कोण असतं, तर एका वाक्यात निकाल लागला असता. पण आकडे बोलतात असं ज्याच्या डोक्यात बसलंय त्याला माणसांना विचारायचं सुचत नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

आणखी एक खूण होती, तीही माझ्या डोळ्यांपुढून गेली. एलईडीचे दिवे आले, सगळ्या तालुक्यात युनिटं घटली. मी मावशींना कौतुकाने सांगितलं की हा दिवा जळतो पण मीटरला कळतही नाही. त्यांनी स्वतःच्या घरात तो लावला. बाकी बंद घरांत मात्र जुने पिवळे, साठचे बल्ब तसेच. उलट एकदा बबन भोरहून डझनभर पिवळे बल्ब शोधून घेऊन चालला होता. म्हटलं, कुणाला रे? म्हणाला, "चांगुणाआजीला. नवा दिवा नको म्हनत्यात, उजेड पडतो पन पोट भरत न्हाई म्हनं." मी म्हातारपण म्हणून सोडून दिलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षातला आश्विन असाच होता. पाणी काठोकाठ, वारा पडलेला, दुपारी अंगाची काहिली आणि संध्याकाळ झाली की पाण्यावरून एकदम गारवा. वेल्ह्याकडचे डोंगर जांभळे दिसायला लागले की समजायचं, घरी निघायची वेळ झाली. मी नेहमी सकाळच्या होडीने जाऊन दुपारी परत यायचो. त्या दिवशी निघायला उशीर झाला. वाडीपासून थोडं पुढे आलो आणि इंजिन गुरगुरून बंद पडलं. पंख्यात शेवाळ अडकलं होतं. बबन बाही वर करून, ओणवा होऊन शिव्या देत ते उपसत होता. मी वाडीकडे तोंड करून बसलो होतो.

दिवस मावळला. वाडी काळी झाली. मग टेकाच्या डाव्या टोकाला एक पिवळा दिवा लागला.

थोड्या वेळाने त्याच्या शेजारी दुसरा. मग जरा जास्त थांबून तिसरा. बटण दाबल्यासारखे एकदम नाही लागले. म्हातारं माणूस पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून, दुसऱ्या पायऱ्या चढायला जितका वेळ घेईल तितका वेळ मध्ये जात होता. चौथ्याला उशीर झाला. मी उगाच पुढे सरकून बसलो. मग तोही लागला.

"बबन, कोण आलंय रे वाडीत?"

बबनने मान वर न करता सांगितलं, "कोन येतंय? चांगुणाआजी हाय. रोजचंच हाय ते."

"रोजचं?"

"मग? धा वरसं झाली आसतील. लांबून वाडी कशी भरल्यावानी दिसती बगा."

मी त्याला होडी वल्ह्याने परत फिरवायला लावली.

मावशी मला आठव्या घराशी सापडल्या. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात जुन्या परकराच्या नाडीत ओवलेल्या किल्ल्या. लोक जाताना किल्ली त्यांच्याकडे ठेवून गेले होते, अडीअडचणीला असावी म्हणून. मला बघून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "ऱ्हायलासा व्हय? चला, आजून सा हायेत." आणि पुढच्या घराचं कुलूप काढायला लागल्या.

मी मागोमाग गेलो. बंद घराचा वास मला ठाऊक होता, पण बाहेरून. आत तो निराळा असतो. उंदरांचा, ओल्या भिंतीचा, आणि कुठेतरी राहून गेलेल्या लसणाच्या माळेचा. ओटीवर एक बल्ब, आत चुलीपाशी एक. दोन्ही लावायचे. कोणतं दार फुगलंय, कुठे लाथ मारावी लागते, कुठलं बटण उलटं आहे, सगळं त्यांच्या हाताला पाठ. प्रत्येक घरात चुलीला हात लावून म्हणायच्या, "हाय गं, म्या हाय." मग बाहेर. जेवण झालं की पुन्हा सगळ्यांकडे जाऊन दिवे मालवायचे. म्हणजे रोज दोन फेऱ्या, अठ्ठावीस वेळा उंबरा.

"मावशी, हे कशासाठी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खुळा आहे. "तुमीच म्हनला व्हता की! मीटर उपाशी ठिवायचा न्हाई. शून्य आलं की वायर गुंडाळून नेत्यात म्हनून."

त्या चालतच होत्या. "आमचा सुभाष म्हनतो, आये, लाईट हाय तवर ऱ्हा तिकडं, लाईट गेली की येक दिस ठिवायचो न्हाई तुला. त्या पुन्यात काय हाय वो, भाऊ? तिसऱ्या मजल्यावर ऱ्हात्यात. खाली माती न्हाई, वर आभाळ न्हाई. म्या हितं आले तवा न्हाण आलं न्हवतं मला. हितंच जानार. आन् बाकीची बी म्हनत्यात, लाईट हाय तर येऊ गनपतीला. मग म्हनलं, आपल्याला काय, दोन पाय हायेत."

बिलं मुलं पुण्यातून मोबाईलवर भरून मोकळी व्हायची. एवढ्याशा आकड्याकडे कोण बघतंय.

मला लाज वाटली. एवढी लाज आयुष्यात दोन-तीनदाच वाटली असेल. माझ्या एका रिकामटेकड्या विनोदावर ही बाई दहा वर्षं उंबरे चढत होती, आणि तिच्या पावलांवर मी वहीत सिद्धांत मांडत होतो. वैशाखात सहा आणि आश्विनात आठ! दिवस आखूड झाला की ती बाई लवकर निघत होती, एवढंच त्याचं उत्तर होतं.

शेवटच्या घराच्या पायरीवर शेवाळ होतं. तिथे त्या घसरल्या. मी धरलं म्हणून निभावलं, पण गुडघा खरचटला. पायरीवर बसून त्यांनी थुंकी लावली आणि म्हणाल्या, "ह्यो गुडगा लई दिस बोलतोय." त्या वेळी मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. "मावशी, तो विनोद होता. असा काही कायदा नाही."

"न्हाई?"

"नाही. शून्य आलं म्हणून कोणी मीटर काढत नाही."

"म्हंजी कदीच न्हाई?"

"कधीच नाही. चेष्टा केली होती मी."

त्यांनी किल्ल्या मांडीवर घेतल्या, एकेक चाचपली. मला वाटलं आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. पण त्या हसल्या. "आगं आय आय आय! आन् म्या येडी हितं रातंध्याड पळतीया! आदी सांगायचं न्हाई व्हय वो?" मग उठताना माझ्या खांद्यावर हात टेकून म्हणाल्या, "बरं झालं बाई. गुडगं तरी वाचलं."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे भात खाल्ला आणि हलक्या मनाने होडीत बसलो. चूक कबूल केली की कसं बरं वाटतं. मागे चौदा घरांतले दिवे तसेच होते. शेवटचे होते ते. मला तेव्हा ते कळलं नाही.

कार्तिकात गेलो. चौदा घरं, चौदा शून्यं. मी आकडे जसे दिसले तसे टाकले. मावशी घरीच होत्या, गुडघ्याला एरंडाचं पान बांधलेलं. बोलल्या नेहमीसारख्याच, पण चहा एवढा गोड झाला की पिववेना. तोवर त्यांच्या हातचं काही बिघडलेलं मी बघितलं नव्हतं. "सांजच्याला काय करावं सुधरत न्हाई बगा," म्हणाल्या. "बसून ऱ्हाते." मी म्हणालो, आराम करा. मार्गशीर्षात गेलो. पुन्हा शून्य. वहीतलं ते पान मी बंद केलं.

पौषात पाणी उतरायला लागलं, गाळ मऊ झाला आणि पाण्यातला एक खांब हळूहळू कलत एका सकाळी आडवा झाला. वायर पाण्यात. वाडी अंधारात. असं आधीही झालेलं होतं, आठवड्याभरात खांब उभा राहायचा. या वेळी सुभाष दुसऱ्याच दिवशी आला. "लाईट आली की आणून सोडतो," म्हणाला आणि आईला घेऊन गेला. जाताना मावशींनी किल्ल्यांचा जुडगा बबनकडे दिला. चार-आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, असंच सगळ्यांना वाटत होतं.

ऑफिसात नवे साहेब होते. चांगला मुलगा, माझ्या पोराच्या वयाचा. त्याने कॉम्प्युटर उघडला, पडदा माझ्याकडे वळवला. "काका, इथे तर फक्त तीन घरं दिसतात. बाकी शून्य. मागच्या वर्षी बरी होती की वाडी."

"माणसं राहतात, साहेब."

"हो ना. त्यांना सोलर देऊ आपण, चांगले पॅनेल देऊ. पण एवढ्यासाठी पाण्यातून पुन्हा लाईन ओढायची म्हणजे..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. गरजही नव्हती. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. त्यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. शून्य आल्यावर वायर काढावी असा कायदा खरंच नव्हता. मी मावशींना शंभर टक्के खरं सांगितलं होतं. आणि शून्य आल्यावर वायर निघाली. बोलाफुलाला गाठ म्हणतात ती अशी पडली. विनोद खरा ठरला आणि कबुली खोटी.

मी साहेबांना सांगू शकलो असतो की मागच्या वर्षीचे आकडे एका बाईच्या पायांनी काढलेले आहेत. सांगितलं नाही. सांगून तरी काय, ते आकडेही मग खोटेच म्हटले असते. जळालेली वीज खोटी कशी असेल, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

फाल्गुनात वायर गुंडाळली. त्याच महिन्यात मी रिटायर झालो. ऑफिसने नारळ दिला, शाल दिली. आता तर मीटर स्वतःच आपले आकडे पाठवतात म्हणे, कोणी दारात जायला नको. चांगलंच आहे. कुत्र्यांना तेवढा आराम.

परवा धरण बघून आलो आणि काल उठून पुण्याच्या एसटीत बसलो. मावशींना भेटायचं बरेच दिवस टाळत होतो. कापूरहोळला गाडी थांबली, हायवेला लागली. शिवऱ्यापाशी ढाब्यांच्या पाट्या भर दुपारी बारा वाजता लुकलुकत होत्या. लाल, हिरव्या, निळ्या, बघायला कोणी नाही. मीटरवाल्याचा जीव, मनात आकडा मांडला आणि सोडून दिला.

सुभाषच्या दारात सुनेने हळूच सांगितलं, "आत्यांना काही बोलू नका हं. काम चालू आहे असं सांगितलंय आम्ही." मी मान हलवली. मावशी खिडकीपाशी कॉटवर बसल्या होत्या. अंगाने अर्ध्या झालेल्या. गुडघ्यांवर गोधडी. मला बघून तोंड उजळलं. "भाऊ! बसा. पोटात काय पडलंय का?"

इकडचं तिकडचं बोललो. पाणी किती चढलं, भात कसं आहे, बबनच्या पोरीचं काय. मग त्यांनी विचारलं, "लाईट आली का वो?"

सून दारात उभी होती. काम चालू आहे असंच म्हणायचं होतं, पण मावशींचं तोंड बघून मी म्हणालो, "आली."

"बरं झालं. खांब हुबा केला म्हना की."

"केला."

"आन् बंद घरात दिवं कोन लावतंय?"

"बबन लावतो." एकदा उतरलो की पुढे सोपं जातं. "किल्ल्या आहेत ना त्याच्याकडे."

त्यांनी हुंकार दिला. गोधडीवर बोटं हलवत होत्या, किल्ल्या चाचपाव्यात तशी. "मग आवंदा रीडिंग काय पडतंय?"

तीस वर्षांत मी न बघता आकडा कधी सांगितला नव्हता. म्हणालो, "सात. सगळ्या घरांत सात."

सून चहा टाकायला आत गेली. मावशींनी खिडकीबाहेर बघितलं. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत होती. मग माझ्याकडे वळल्या आणि हसल्या, त्या पायरीवर हसल्या होत्या तशाच.

"आश्विनात सात व्हय वो, भाऊ? दिस आखूड झाल्यावं आठ पडत्यात." माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला, हलका, कोरडा. "ऱ्हाऊ द्या. सुनंला काय बोलू नगा. पुढल्या खेपंला आठ सांगा."